दोन डावे पाय

किती दिवस म्हणत होतास, वर येऊन बघ एकदा.
आले. चढावर गुडघे कुरकुरले,
डोक्यावर टोपली: तुझी भाकरी, कांदे, बिअरचं मडकं.
आत मिठात बुडवलेल्या वातीचा दिवा, धूर नाही,
आणि भिंतीवर तू.
तांबडा. गेरूने भरलेले रुंद खांदे.
दहातले आठ दिवस तू डोंगरापलीकडे राजाच्या भुयारात असतोस,
ऊन तुला नीट ओळखत नाही, नेखेमुत,
तरी तू तांबडा.

आणि मी पिवळी.
मडक्याखाली उगवलेल्या कोंबासारखी पिवळीजर्द.
मी, जी छपरावर धान्य वाळवते,
नदीकाठच्या बाजारात लसणाच्या जुडीवरून
दुपारभर हुज्जत घालते.
मी भिंतीला हात टेकवला, तुझ्या रंगवलेल्या दंडाशेजारी.
बघ, म्हटलं, गेरू कोण आहे इथे?
तू म्हणालास, बायका पिवळ्याच असतात, हुनरो.
कुठे असतात?
भिंतीवर, म्हणालास,
आणि कुंचल्याची काडी चावत बसलास.

लाल दोरा ताणून, फटकारून आखलेले चौकोन.
टाचेपासून कपाळापर्यंत अठरा.
तुझ्या आईला अठरा, माझ्या आत्याला अठरा,
राणीलाही तेवढेच.
मग माझी चार बाळंतपणं कुठल्या चौकोनात गेली?
पाट्यावर दळून दळून वाकलेला
पायाचा अंगठा?
(तो तू पाहिलायस. रात्री थंड लागतो म्हणून ओरडतोस.)
पोट सपाट, कंबर मुठीत मावेल,
डोक्यावर सुगंधी मेणाचा गोळा,
जो मी जन्मात एकदाच लावला, मावशीकडून उसना,
तोही केसांत चिकटून बसला.
हात तुझ्या पाठीवर. असू दे. तो बरोबर आहे.

पण पाय?
मी दिवा खाली धरला. मोजले.
दोन्ही डावे.
म्हणजे मेल्यावर मी त्या पश्चिमेच्या शेतात
गोल गोल फिरत राहणार
आणि तू बांधावर उभा राहून हाका मारणार,
अगं, इकडे!
तू हसलास. मग मीही.
भुयारात हसू फार मोठं ऐकू येतं.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली नाही.
गेल्या पुराच्या आधी, तुझ्या हत्यारांच्या टोपलीमागे झाडताना
चुनखडीची एक कपची सापडली, तळहाताएवढी.
तिच्यावर एक बाई भट्टीत फुंकर घालतेय.
गाल फुगलेले, बुचडा सुटलेला,
पोटाची घडी मांडीवर आलेली,
डोळा धुराने बारीक.
चौकोन नाहीत. रंग नाही. एकच काळी रेघ,
हात न उचलता ओढलेली.
आणि हनुवटीखाली ठिपका.
आधी वाटलं माशी बसली, पुसायला गेले.
तो माझा तीळ.

मागच्या बाजूला काहीतरी खरडलेलं. पोराला विचारलं.
परटाचा हिशेब, म्हणाला,
तीन लंगोट, एक चादर, चादर फाटून आली.

तू ती फेकायची म्हणून फेकली असशील.
मी डाळीच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवलीय,
चित्र आतल्या बाजूला.

लोक म्हणतात, संध्याकाळी जीवाचा पक्षी
भिंतीवर आपला चेहरा शोधत परत येतो.
तो भोळा असतो, आणि दिवसभर उडून दमलेला.
ती पिवळी बाई बघून
चुकलं आपलं दार, म्हणून निघून गेला तर?
धाकटीला सांगून ठेवलंय:
मला आत नेशील तेव्हा
मानेखालच्या उशीशी ती कपची सरकवून दे.
बापाला सांगू नकोस.
आणि आधी पुसून घे.
डाळ लागलेली असेल.